बनावट सोल्डरिंग स्टेशन: खरेदीपूर्वी कसे ओळखावे?

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या जुळणीत आणि दुरुस्तीत सर्किट बोर्डावर सुटे भाग डाख देऊन बसविण्यासाठी सोल्डरिंग स्टेशन वापरले जाते. नामांकित उत्पादकांच्या नावाने या यंत्राच्या बनावट प्रतीही विकल्या जातात. अशा खरेदीत पैसे वाया जातातच. शिवाय यंत्राचे अर्थिंग सदोष असल्यास काम करणाऱ्याच्या जिवालाही धोका संभवतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घेणे आवश्यक आहे.

धोका नेमका कोठे?

साध्या सोल्डरिंग आयर्नला २३० व्होल्टचा घरगुती वीजपुरवठा थेट दिला जातो. प्रचलित प्रकारच्या स्टेशनमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मर हा दाब सुमारे २४ ते २६ व्होल्टपर्यंत उतरवतो आणि तेवढाच दाब हातातील आयर्नपर्यंत पोहोचतो. आयर्नमधील संवेदक टिपेचे तापमान मोजतो व त्यानुसार हीटरचा पुरवठा कमी-अधिक केला जातो. टिप अर्थिंगच्या तारेला जोडलेली असते. ट्रान्सफॉर्मरचे विद्युतरोधक आवरण निकामी झाल्यास वीज या तारेवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ही जोडणी नसेल, तर धातूची टिप विद्युतभारित होऊ शकते. अर्थिंगअभावी साचलेला स्थिर विद्युतभार नाजूक आयसीही निकामी करू शकतो.

एक परिचित उदाहरण

जपानमधील ओसाका येथील हाक्को कंपनीचे ९३६ हे मॉडेल अनेक वर्षे जगभर वापरले गेले आणि त्याच्या असंख्य नकला निघाल्या. कंपनीने या मॉडेलचे उत्पादन बंद केले असून त्याची जागा एफएक्स-८८८ मालिकेने घेतली. त्यामुळे हाक्कोचे नाव असलेले ‘नवेकोरे ९३६’ आज कोणी देऊ केल्यास ते संशयास्पद समजावे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. याच धर्तीची यंत्रे काही उत्पादक स्वतःच्या नावाने विकतात. त्यांचा दर्जा कमी-अधिक असू शकतो, परंतु दुसऱ्याचे नाव न वापरल्यामुळे ग्राहकाची ओळखीबाबत फसवणूक होत नाही. बनावट यंत्रावर मात्र दुसऱ्या कंपनीचे नाव व चिन्ह छापलेले असते.

कागदपत्रे आणि वेष्टन

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील लाजपतराय मार्केट, बंगळूरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईतील रिची स्ट्रीट येथून खरेदी असो वा ऑनलाइन, विक्रेता अधिकृत वितरक आहे काय, याची खातरजमा उत्पादकाच्या संकेतस्थळावरून करावी. किरकोळ विक्रीच्या आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. अनुक्रमांकासह पक्के बिल देण्यास विक्रेत्याने नकार दिल्यास व्यवहार टाळणेच श्रेयस्कर ठरते.

यंत्राच्या माहितीपट्टीवरील व्होल्टेजही पाहावे. जपानसाठी १०० आणि अमेरिकेसाठी १२० व्होल्टची यंत्रे तयार होतात. अशी यंत्रे अस्सल असली, तरी भारतात थेट जोडण्यास योग्य नसतात. नावातील अक्षरलेखनाची चूक, पुसट छपाई किंवा वेगळ्या मॉडेलची माहितीपुस्तिका हीदेखील संशयाची कारणे होत. मात्र सुबक वेष्टनाची नक्कल करणे अवघड नसल्याने केवळ त्यावर विसंबून राहू नये.

दुकानातील तपासणी

वजन: एफएक्स-८८८डी या मॉडेलच्या मुख्य भागाचे वजन सुमारे १.३ किलोग्रॅम असून त्यातील मोठा वाटा ट्रान्सफॉर्मरचा असतो. याच नावाचे यंत्र लक्षणीय हलके लागल्यास ते घेऊ नये.

अर्थिंग: प्लग सॉकेटमधून काढून, आयर्न स्टेशनला जोडलेले ठेवून, प्लगची अर्थिंगची पिन व आयर्नची टिप यांमधील विद्युतरोध मल्टिमीटरने मोजावा. या मालिकेत तो २ ओहमपेक्षा कमी असणे अपेक्षित आहे. मीटरवर अखंड जोडणी दिसत नसल्यास यंत्र कितीही स्वस्त असले तरी नाकारावे. दोन पिनांचा प्लग असलेले या प्रकारचे स्टेशनही घेऊ नये.

हीटर: थंड स्थितीत हीटरचा विद्युतरोध २.५ ते ३.५ ओहम व संवेदकाचा ४३ ते ५८ ओहम असतो. हे आकडे न जुळल्यास यंत्र बनावट किंवा सदोष असण्याची शक्यता असते. परंतु आकडे जुळले म्हणून यंत्र अस्सल ठरत नाही.

टिप: अस्सल टिपेचा गाभा तांब्याचा असून त्यावर लोखंडाचा मुलामा असतो. हलक्या प्रतीच्या टिपेवरील मुलामा लवकर झिजून तेथे खड्डे पडतात. टिप कानशीने घासून पाहू नये. त्यामुळे चांगली टिपही निकामी होते.

तापमान: ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेली डाखाची तार १८३ अंश सेल्सिअसला, तर एसएसी ३०५ ही शिसेविरहित तार २१७ ते २२० अंशांना वितळते. यंत्र २०० अंशांवर स्थिर केल्यानंतर शिसेविरहित तार सहज वितळत असेल, तर टिप दर्शविलेल्या तापमानापेक्षा अधिक तापत आहे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

फसवणूक झाल्यास

ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ व १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि असा माल विकणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. ग्राहकांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदविता येते. व्यावसायिक उपयोगासाठी घेतलेल्या वस्तूंना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होत नाही. तथापि, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारी व्यक्ती या कायद्यानुसार ग्राहकच ठरते. त्यामुळे स्वतःचे छोटे दुकान चालविणाऱ्या दुरुस्ती कारागिरालाही दाद मागता येते. त्यासाठी बिल, वेष्टन आणि यंत्राची छायाचित्रे जपून ठेवावीत.