खुकरीचा धडा

अहमदपूरच्या बालाघाटी माळावर राहणाऱ्या आम्हां लोकांना समुद्र बहुधा पुस्तकांतूनच ठाऊक. त्यामुळें आरमारी युद्धांचीं वर्णनें वाचतांना पराक्रमानें आमचे डोळे दिपतात आणि कारणमीमांसा मागें राहते. १९७१ च्या डिसेंबरांत अरबी समुद्रांत पांच दिवसांच्या अंतरानें घडलेल्या दोन घटना या दृष्टीनें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

ता. ४ च्या रात्रीं निर्घात, निपात आणि वीर या आपल्या तीन चिमुकल्या क्षेपणास्त्र-नौका कराचीवर चालून गेल्या. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका त्यांच्याहून कित्येक पटींनीं मोठी. पहिला आघात झाला तेव्हां हा विमानांचाच हल्ला, असें तिच्यावरील लोकांस वाटलें. दुसऱ्या क्षेपणास्त्रानें ती बुडाली. शत्रु दिसतच नाहीं, तेथें थोरल्या तोफा रोखाव्यात तरी कोणावर? कान्होजी आंगऱ्यांच्या आरमाराची युक्तीही याच जातीची होती. वारा पडला कीं वल्ह्यांचीं गलबतें गुराबांना ओढीत परकी जहाजाच्या पिछाडीस नेत. तेथें त्याच्या दोन्ही बाजूंच्या तोफा निरुपयोगी ठरत.

परंतु जें शस्त्र आपणांस लाभतें, त्याचा न्याय आपल्यालाही लागू असतो. दीवजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागतांच खुकरी आणि कृपाण या आपल्या युद्धनौका तिच्या पाठलागास निघाल्या. पाणबुड्यांचा नाश करणें हेंच त्यांचें काम. पण त्यांना हंगोरची चाहूल लागण्यापूर्वींच हंगोरनें त्यांना हेरलें होतें! ता. ९ च्या रात्रीं तिच्या पाणतीरानें खुकरी कांहीं मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं इतरांस वांचविण्याची खटपट केली व स्वतः जहाजाबरोबर जलसमाधि घेतली.

मुल्लांपुढें आम्ही नतमस्तक आहों. तथापि त्यांचें धैर्य आठवतांना त्यांच्या जहाजास शत्रूची चाहूल उशिरां कां लागली, हा प्रश्न आम्ही विसरलों, तर त्या १९४ जणांच्या मरणाचा अर्थच आम्हांस कळला नाहीं, असें म्हणावें लागेल. ज्याला आधीं दिसतें किंवा ऐकूं येतें, तो तरतो. जहाजाचें आकारमान अथवा खलाशांचें शौर्य ही उणीव भरून काढीत नाहीं. १९८२ मध्यें फॉकलंडच्या युद्धांत ब्रिटिशांच्या शेफील्डला आणि २०२२ मध्यें काळ्या समुद्रांत रशियाच्या मस्क्वाला क्षेपणास्त्रांनीं हाच धडा दिला.

खुकरीचें नांव पुढें मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या एका क्षेपणास्त्रधारी नौकेस देण्यांत आलें. तीही २०२१ मध्यें सेवानिवृत्त होऊन आतां दीव येथें स्मारकरूपानें उभी आहे. तिच्या दर्शनास जाणाऱ्यांनीं मस्तक अवश्य नमवावें. पण परततांना तो प्रश्नही बरोबर आणावा.