रेंगीत माणसं, बंडीत सामान

भंडाऱ्याकडच्या खाऊनपिऊन सुखी घराच्या अंगणात पूर्वी दोन तऱ्हेच्या गाड्या दिसत. एक बंडी: जाड आऱ्यांच्या चाकांवर लोखंडी धाव चढवलेली, धान, तणस, शेणखत, लाकूड, पडेल ते वाहणारी. दुसरी रेंगी. तिला कुणी छकडा म्हणे, कुणी खाचर. अंगाने हलकी, दोन-तीन माणसांपुरती, पळत्या जोडीसाठीच बांधलेली. लेकीला सासरहून आणायचं असो, मंडईच्या जत्रेला जायचं असो की सोयरीक जुळवायची असो, जुंपली जाई ती रेंगीच. बंडी पोटासाठी, रेंगी तोऱ्यासाठी.

निघायच्या वेळी मात्र वाद हमखास सामानावरून.

दोन चाकांच्या गाडीत ओझं किती यापेक्षा ते कुठे ठेवलंय याला महत्त्व. ट्रंक पुढे सरकली की जू बैलांच्या मानेवर चेपतं. मागे गेली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोत्यांचा फास गळ्याला बसतो. म्हणून जड ट्रंक बरोबर आसाच्या वर, वळकटी पाठीशी टेकायला, शिदोरी हाताशी. खाली अंथरलेलं तणस तर दुहेरी कामाचं: वाटेत बसायला गादी, मुक्कामाला बैलांचा चारा. वंगणाचा नळा गाडीखाली लोंबत असे, म्हणजे आतली जागा अडत नसे आणि लुगड्यांना डागही पडत नसे.

इंग्रजांच्या दोन आसनी मोटारींचं दुखणंही हेच. १९४५ ते १९४९ या काळात निघालेली एमजी टीसी दिसायला देखणी, पण आसनांमागे जेमतेम एखादं बोचकं मावेल इतकीच जागा. त्यामागे उघडी पेट्रोलची टाकी आणि तिला टेकून स्टेपनी. लांब जायचं तर शेपटाकडे कॅरिअर लावून त्यावर बॅग आवळायची. तिथे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी पडतात. मोटार हे निमूट सोसते, बैल मान झटकून लगेच सांगतो, एवढाच काय तो फरक.

बैलही निवडक लागत. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात चपळ चालीची. मराठ्यांच्या फौजेची रसद झपाट्याने हलावी म्हणून ती जोपासली गेली, असं सांगतात. अशा जोडीला ओझ्याने दाबणं म्हणजे तिचा गुणच मारणं. त्यामुळे लग्नाला निघालेल्या घरांनी सरळ वाटणी केली: माणसं रेंगीत, सामान बंडीत. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, तेव्हा आहेराचं वजन काय असेल ते वेगळं सांगायला नको. बंडी रात्रीच पुढे निघे आणि सकाळी सुटलेली रेंगी तिला वाटेत गाठे.

१८८०च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड मीटरगेज रेल्वेचे रूळ जिल्ह्यात शिरले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने पुढे ही लाइन घेतली. ट्रंका आता आगगाडीतून जाऊ लागल्या, पण भंडारा रोड स्टेशन आहे वरठीला, गावापासून १० किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे रेल्वेने बैलगाडीची रोजी मारली नाही, उलट तिला उतारू मिळवून दिले. पुढे एसटी आली, टपावर पोती-ट्रंकांसकट सगळं मावू लागलं, आणि रेंगी अंगणातच उभी राहिली.

तिची पळण्याची हौस टिकली ती शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. साकोली-लाखनीकडे थंडीत पट भरतात, पाहुणे जमतात, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. पटाचा छकडा रेंगीहूनही हलका. हाकणारा धुरकरी कसाबसा टेकतो, सामानाचा प्रश्नच नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता पटाची जोडी पायी येत नाही. ती पिकअपमधून उतरते. मागोमाग ढेप, कुटार, दोरखंड, पाण्याचे ड्रम, पोरांच्या चादरी आणि बऱ्याचदा खुद्द छकडाही. दौड काही सेकंदांची, पण तिच्यासाठी आणलेलं सामान उतरवायला चार माणसं लागतात.