दोन खात्यांचा मानकरी : पॉली उम्रीगर

सोलापूर म्हटलें कीं गिरणीचा भोंगा, चादरी, सिद्धेश्वराची यात्रा आणि 1930 सालचा लष्करी कायदा या गोष्टी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. क्रिकेटच्या इतिहासांत या शहराचें नांव काढण्याचें कारण सहसा कोणास पडत नाहीं. तथापि स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय क्रिकेटचा भार ज्यांनीं चौदा वर्षें वाहिला, ते पहलन रतनजी उर्फ पॉली उम्रीगर याच कापडाच्या गांवांत वाढले. त्यांचा जन्म 28 मार्च 1926 चा. वडिलांचा धंदाहि कापडाचाच होता. मुलगा शाळेंत असतांना कुटुंब मुंबईस गेलें आणि पुढची सारी कीर्ति मुंबईच्या नांवावर जमा झाली, हें ओघानेंच आलें.

मुंबईस त्या वेळीं पंचरंगी सामन्यांचा जमाना होता. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे धर्मवार संघ एकमेकांशीं झुंजत व मैदानें ओसंडून वाहत. ही पद्धति पुढें 1946 मध्यें बंद पडली, आणि ती पडली हें उत्तमच झालें असें आम्हांस वाटतें. पण पारशी संघानें 1944 सालीं अठरा वर्षांच्या उम्रीगरांना त्या सामन्यांत उतरविलें, एवढें श्रेय तिला दिलें पाहिजे. चार वर्षांनीं वेस्ट इंडीजचा संघ भारतांत आला असतां विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून त्यांनीं नाबाद 115 धावा काढल्या आणि डिसेंबर 1948 मध्यें मुंबईच्या कसोटी सामन्यांत त्यांना जागा मिळाली.

येथें एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधणें जरूर आहे. क्रिकेटची वही दोन खात्यांत मांडली जाते, एक फलंदाजाचें व एक गोलंदाजाचें. ज्याचा पराक्रम एकाच खात्यांत सांठलेला असतो त्याचें मोठेपण आंकड्यांवर नजर टाकतांच दिसतें. ज्याचा दोहोंत वांटला गेला आहे त्याच्या बाबतींत बेरीज करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाहींत. ही अडचण केवळ आमच्याच खेळांतली नव्हे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळांत चेंडू बगलेंत मारून प्रतिपक्षाच्या फळींत घुसणारा एक गडी असतो. धांवणें हें त्याचें मूळ काम. पण कांहीं जण तेवढ्यावर न थांबतां पुढें सुटून फेंकलेला चेंडू झेलण्याचें, म्हणजे दुसऱ्याच कोणाचें, कामहि अंगावर घेतात. रॉजर क्रेग यानें 1985 च्या एकाच हंगामांत धांवून हजाराहून अधिक आणि झेलून हजाराहून अधिक यार्ड मिळविले, तोंवर त्या देशांत हें कोणाला साधलें नव्हतें. उम्रीगर हे याच जातीचे खेळाडू. फलंदाजी हा त्यांचा पेशा. परंतु संघाला गरज पडेल तेव्हां ऑफ-कटर टाकीत तासन्‌तास एक टोंक धरून ठेवणें आणि यष्टीच्या आसपास झेल घेणें हीं कामें त्यांनीं जन्मभर बिनबोभाट केलीं.

त्यांचें पहिलें शतक ज्या सामन्यांत झालें तो सामना भारताच्या इतिहासांत कायमचा नोंदला गेला आहे. फेब्रुवारी 1952 मध्यें मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तोहि एक डाव व 8 धावांनीं. विनू मांकड यांनीं बारा गडी बाद केले, पंकज रॉय यांनीं 111 धावा काढल्या, आणि सातव्या क्रमांकावर आलेले उम्रीगर 130 धावांवर नाबाद राहिले. गंमत अशी कीं, हेमू अधिकारी यांना दुखापत झाली नसती तर या सामन्यांत उम्रीगरांना जागाच नव्हती.

याच वर्षीच्या उन्हाळ्यांत भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि तेथें जें घडलें त्याचा डाग उम्रीगरांच्या नांवाला चिकटला तो चिकटलाच. चार कसोट्यांतील सात डावांत त्यांच्या धावा अवघ्या 43. फ्रेड ट्रूमनचा भयंकर वेगाचा चेंडू सुटला कीं उम्रीगर यष्टी सोडून बाजूला सरकत, असें सांगणाऱ्या अनेक विनोदी गोष्टी पॅव्हेलियनमध्यें प्रचलित झाल्या व आजहि सांगितल्या जातात. त्या मँचेस्टरच्या सामन्यांत ट्रूमननें एका डावांत 31 धावांत आठ गडी बाद केले आणि सबंध भारतीय संघ एकाच दिवसांत 58 व 82 धावांत दोनदा गारद झाला. आम्ही या अपयशावर पांघरूण घालूं इच्छीत नाहीं. उम्रीगर त्या वेळीं वेगाला भ्याले, हें म्हणणें बहुधा खरें आहे.

परंतु न्याय करणाऱ्यानें दुसरी बाजूहि वाचावी. त्याच दौऱ्यांत इतर सामने धरून त्यांच्या 1,688 धावा झाल्या, भारतीय संघांत सर्वांहून अधिक. त्यांत तीन द्विशतकें होतीं. ज्याला खेळतांच येत नाहीं त्याच्या हातून असें घडत नसतें. खरें कारण असें कीं, अमरसिंग 1940 मध्यें वारले, महंमद निस्सार फाळणीनंतर पाकिस्तानांत गेले, आणि त्यांच्यामागें खरा वेगवान गोलंदाज म्हणावा असा आपल्याकडे कोणी उरला नाहीं. आपल्या खेळपट्ट्या मंद. ज्याला घरीं कधीं विंचू दिसला नाहीं त्याला बाहेर एकदम साप दाखविला, असा तो प्रकार झाला. बरें, एकटे उम्रीगरच डळमळले काय? लीड्‌सच्या दुसऱ्या डावांत शून्य धावांवर चार गडी बाद झाले होते! पण लोकांना उपहासासाठीं एक चेहरा लागतो, आणि सहा फुटांहून उंच अशा धिप्पाड माणसाचें भिणें जास्त नजरेंत भरतें.

पुढील वर्षीं वेस्ट इंडीजमध्यें त्यांनीं पोर्ट ऑफ स्पेनला 130 व किंग्स्टनला 117 धावा काढल्या. पांच कसोट्यांत मिळून 560. त्यांच्या उत्तुंग टोल्यांमुळें तिकडील लोक त्यांना 'माडापर्यंत चेंडू मारणारा' म्हणूं लागले. 1955 मध्यें हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा करून कसोटींत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय झाले. हा मान मात्र मांकडांनीं अवघ्या कांहीं आठवड्यांत 223 करून बरोबरीचा केला व नंतर 231 करून मागें टाकला. 1959 सालीं ते पुन्हां मँचेस्टरला उतरले. समोर पुन्हां ट्रूमनच होता. भारत तो सामना हरला. परंतु दुसऱ्या डावांत उम्रीगरांच्या नांवावर 118 धावा लागल्या. सात वर्षांपूर्वीच्या विनोदी गोष्टी सांगणारे या शतकाचा उल्लेख सहसा करीत नाहींत.

त्यांचीं बारा कसोटी शतकें तपासून पाहिलीं तर पांच पाकिस्तानविरुद्ध, एक न्यूझीलंडविरुद्ध, तीन इंग्लंडविरुद्ध व तीन वेस्ट इंडीजविरुद्ध आहेत. म्हणजे दुबळ्या गोलंदाजीवर पोसलेला फलंदाज, हा आक्षेप अर्धाच टिकतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मात्र एकहि नाहीं, हें उणें आक्षेपकांनीं खुशाल मोजावें.

कर्णधार म्हणून त्यांची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी, पण अर्थपूर्ण आहे. आठ सामन्यांत त्यांनीं संघाचें नेतृत्व केलें. 1958-59 च्या हंगामांत वेस्ट इंडीजविरुद्ध पांच सामन्यांना चार कर्णधार झाले. मंडळाचा कारभार कसा चालला होता हें यावरून समजावें. मद्रासच्या सामन्याच्या आदल्या रात्रीं विजय मांजरेकर यांच्या जागीं कोणाला घ्यावें यावर वाद झाला. उम्रीगरांना मनोहर हर्डीकर हा फलंदाज हवा होता, मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह जसू पटेल या गोलंदाजासाठीं होता. कर्णधाराचें ऐकावयाचें नसेल तर कर्णधारानें राहूं नये, असें मानून उम्रीगर पायउतार झाले, आणि दुसऱ्या दिवशीं मांकडांच्या हाताखालीं खेळले. आणखी एक वर्षानें, डिसेंबर 1959 मध्यें, कानपूरला भारतानें ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळविला. त्या सामन्यांत चौदा गडी बाद करणारे गोलंदाज हेच जसू पटेल! आणि दुसऱ्या डावांत 27 धावांत चार गडी टिपून त्यांना साथ देणारे उम्रीगर. मान-अपमानाचें गाठोडें मैदानावर न नेण्याची ही रीत आम्हांस त्यांच्या शतकांइतकीच मोलाची वाटते.

आतां 1962 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याकडे वळूं. मार्चमध्यें बार्बडोसच्या सामन्यांत चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळून त्यांच्या प्राणांवर बेतलें. शस्त्रक्रियेसाठीं रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच उम्रीगरहि होते. त्यानंतर नेतृत्व आलें तें एकवीस वर्षांच्या पतौडींकडे. छत्तीस वर्षांचे, पूर्वी कर्णधार राहिलेले उम्रीगर त्या पोराच्या आज्ञेंत निमूटपणें उभे राहिले. एक सहकारी मृत्यूच्या दारांतून परतलेला, मालिकेंत ओळीनें तीन पराभव पदरीं पडलेले, आणि समोर वेस्ली हॉल. अशा स्थितींत एप्रिलमध्यें पोर्ट ऑफ स्पेनचा चौथा सामना सुरू झाला.

वेस्ट इंडीजनें 444 धावा केल्या. त्या डावांत उम्रीगरांनीं 56 षटकें टाकून 107 धावांत पांच गडी बाद केले. छत्तिसाव्या वर्षीं, त्या उन्हांत, छप्पन्न षटकें! अंगाचा घाम वाळतो न वाळतो तोंच भारताची फलंदाजी कोसळूं लागली. हॉलनें धुमाकूळ घातला. संघाच्या 197 धावांत एकट्या उम्रीगरांच्या 56 होत्या. पुन्हां फलंदाजी करण्याची नामुष्की आली. दुसऱ्या डावांत सलीम दुराणी यांनीं 104 धावा काढल्या आणि उम्रीगर सुमारे चार तासांत 172 धावा करून नाबाद राहिले. ते बाजूला सरकले नाहींत. हॉलच्या चेंडूवर त्यांनीं पुढें येऊन टोले हाणले. भारत सामना सात गडी राखून हरला व मालिका पांचहि सामन्यांत गमावली. पण शतक आणि एका डावांत पांच बळी असा दुहेरी पराक्रम एकाच कसोटींत करणारा, 1952 च्या लॉर्ड्‌समधील मांकडांनंतर हा दुसराच भारतीय. दौऱ्यांतील कसोट्यांत 445 धावा काढून संघांत तेच पुढें राहिले. आणखी एक कसोटी खेळून, किंग्स्टनला, त्यांनीं कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. त्याच वर्षीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली.

जमाखर्च असा आहे : 59 कसोट्या, 3,631 धावा, 35 बळी, 33 झेल. सामने, धावा व शतकें या तिन्हींत तेव्हां एकहि भारतीय त्यांच्यापुढें नव्हता. पस्तीस बळी कमी दिसतील. पण षटकामागें दोनाहूनहि कमी धावा देऊन एक टोंक बंद ठेवणाऱ्या गोलंदाजाची कमाई दुसऱ्या टोंकाच्या माणसाच्या खात्यांत पडते, हें कानपूरला आपण पाहिलेंच आहे.

निवृत्तीनंतर त्यांनीं खेळाची संगत सोडली नाहीं. मुंबईच्या संस्थेचें चिटणिसपद, वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची देखरेख, 1978 ते 1982 निवड समितीचें अध्यक्षपद, अशीं फारशी टाळी न मिळणारीं कामें ते करीत राहिले. 7 नोव्हेंबर 2006 रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. वर्षांतील सर्वोत्तम भारतीय खेळाडूस मंडळ जें पारितोषिक देतें, त्याला आज त्यांचें नांव आहे. त्यांचा बारा शतकांचा विक्रम सुनील गावसकर यांनीं 1977-78 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यांत मेलबर्नला मोडला. भारतानें ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर जिंकलेला पहिला कसोटी सामना तो हाच, आणि त्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापक होते पॉली उम्रीगर.