इटलीतील घडीच्या चाकूंचा व्यवसाय आणि गुणवत्तेची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : घडीचा चाकू, मानियागो, स्कार्पेरिया, कारागीर-श्रेणी, गुणवत्ता

प्रस्तावना :

खिशात मावणारा घडीचा चाकू ही आकाराने लहान वस्तू असली तरी तिच्यात लोहारकाम, जलशक्ती, व्यापारमार्ग आणि कायदा यांचा इतिहास सामावलेला आहे. रोमन काळातही घडीचे चाकू प्रचारात होते. तथापि, इटलीत या व्यवसायाला संघटित रूप मध्ययुगाच्या उत्तरार्धात आले. इटालियन चाकूंची गुणवत्ता ही एखाद्या कारागिराच्या कौशल्याची देणगी होती, की तिच्यामागे सामाजिक व आर्थिक व्यवस्था उभी होती, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

मानियागो : पाण्याच्या बळावर वाढलेले गाव

इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रदेशात आल्प्सच्या पायथ्याशी मानियागो हे गाव वसलेले आहे. इ.स. 1420 मध्ये हा प्रदेश व्हेनिसच्या सत्तेखाली आला. 1453 मध्ये मानियागोचा सरदार निकोलो याला पाण्याचा कालवा काढण्याची परवानगी मिळाली. कालव्याचा मूळ हेतू शेतीला पाणी पुरविणे हा होता. परंतु त्याच प्रवाहावर चाके फिरू लागली व त्या चाकांनी लोहारांचे अवजड घण उचलले जाऊ लागले. माणसाच्या दंडातील बळाची मर्यादा अशा रीतीने ओलांडली गेली. प्रारंभी येथे शेतीची व लाकूडतोडीची अवजारे घडत. पुढे व्हेनिसच्या सैन्यासाठी शस्त्रेही तयार होऊ लागली. कालांतराने लोहारांत दोन वर्ग पडले : जड अवजारे घडविणारे आणि चाकू, कात्र्या यांसारखे नाजूक काम करणारे. घडीच्या चाकूची परंपरा या दुसऱ्या वर्गाने जोपासली.

1907 मध्ये झोलिंगेन या जर्मन शहरातून आलेल्या आल्बेर्ट मार्क्स याने मानियागोत यांत्रिक कारखाना सुरू केला. हाच कारखाना पुढे 'कोरिकामा' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यामुळे अनेक स्वतंत्र कारागिरांचे वेतनावर काम करणाऱ्या कामगारांत रूपांतर झाले. मात्र येथे यंत्रज्ञान आत्मसात केलेल्या कामगारांतूनच पुढे लहान-लहान उद्योग उभे राहिले. आज याच इमारतीत चाकूंच्या व्यवसायाचे संग्रहालय आहे.

स्कार्पेरिया : रस्ता आणि श्रेणी

तोस्कानातील स्कार्पेरियाची कथा वेगळी आहे. फ्लोरेन्स नगरराज्याने 1306 मध्ये हे गाव वसविले. फ्लोरेन्सहून बोलोन्याकडे जाणारा मार्ग येथून जात असल्याने प्रवासी हेच चाकूंचे ग्राहक बनले. सोळाव्या शतकात येथील चाकूकारांच्या श्रेणीची लेखी नियमावली तयार झाली. श्रेणीच्या बंधनांमुळे हलका माल विकून गावाचे नाव बिघडविणे कोणाही एकट्या कारागिराला सोपे राहिले नाही. अठराव्या शतकात फुता खिंडीतून नवा मार्ग झाल्यावर वाहतूक वळली आणि गावाची भरभराट ओसरली. कारागिरांचे कौशल्य तसेच राहिले, ग्राहक मात्र दुरावला. गुणवत्ता केवळ हातात नसते, ती बाजारपेठेवरही अवलंबून असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

सार्डिनिया : मेंढपाळांचा चाकू

सार्डिनिया बेटावरील पात्तादा गावाचा चाकू 'रेसोल्झा' या नावाने ओळखला जातो. त्याचे पाते मर्टल या झुडपाच्या पानाच्या आकाराचे असून मूठ मेंढ्याच्या शिंगाची असते. त्यात खटका नसतो व स्प्रिंगही नसते. सांध्यातील घर्षणावरच पाते जागच्या जागी राहते. त्यामुळे सांधा ना फार घट्ट, ना फार सैल असा बसविणे हीच कारागिराची खरी परीक्षा ठरते.

कायदा आणि चाकूचे बदलते रूप :

एकोणिसाव्या शतकात चाकूने होणाऱ्या मारामाऱ्या हा नव्या इटालियन राज्यापुढील गंभीर प्रश्न होता. जोलित्ती यांच्या सरकारने 1908 मध्ये कायदा करून टोकदार चाकू बाळगण्यावर कडक मर्यादा घातल्या. परंपरेने चालत आलेले अनेक आकार यामुळे एकाएकी अडचणीत आले. कारागिरांनी यावर शोधलेला उपाय साधा होता : पात्याचे टोकच छाटून टाकावयाचे. अशा बोथट टोकाच्या चाकूंनी शेतकऱ्यांची व मेंढपाळांची गरज भागली आणि व्यवसायही तगून राहिला. 1975 च्या कायद्यानुसारही सबळ कारणाशिवाय घराबाहेर चाकू बाळगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मानियागोच्या खटक्याच्या चाकूंना अमेरिकेत मोठी मागणी आली. अरुंद पात्याचा हा चाकू दिसण्यात आकर्षक असला तरी रोजच्या कापाकापीला फारसा सोयीचा नव्हता. 1958 मध्ये अमेरिकेने अशा चाकूंच्या आयातीवर व आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. एकाच परदेशी बाजारपेठेच्या हौसेवर विसंबणे किती धोक्याचे असते, हे यावरून स्पष्ट होते.

गुणवत्तेचे निकष :

घडीच्या चाकूची गुणवत्ता मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे पोलाद व त्याला दिलेले पाणी. पाते केवळ कठीण करून भागत नाही. तापवून थंड केलेले पोलाद ठिसूळ बनते, म्हणून ते पुन्हा मंद तापवून त्यात चिवटपणा आणावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे सांधा : पाते मिटताना मुठीच्या मधोमध बसले पाहिजे आणि उघडल्यावर डळमळता कामा नये. तिसरी म्हणजे मूठ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानियागोत मासेरिन, लायनस्टील, फॉक्स इत्यादी कंपन्या उदयास आल्या. त्यांनी ऑस्ट्रियन बनावटीचे एन-690 यासारखे गंजरोधक पोलाद वापरले. लायनस्टीलने टायटॅनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली मूठ तयार केली. येथे हाताची जागा संगणकनियंत्रित यंत्राने घेतली असली, तरी अचूक सांध्याचा जुना आग्रह कायम राहिला आहे.

निष्कर्ष :

1. इटालियन चाकूंची गुणवत्ता जलशक्ती, व्यापारमार्ग व श्रेणीची शिस्त यांच्या संयोगातून घडली.
2. यांत्रिकीकरणाने कारागिराचे स्वातंत्र्य कमी केले. मात्र त्याच कामगारवर्गातून नवे उद्योजक निर्माण झाले.
3. कायद्याच्या निर्बंधांनी चाकूचा आकार बदलला, व्यवसाय नष्ट केला नाही.
4. जेथे चाकू रोजच्या कामाचे साधन म्हणून घडविला गेला, तेथे परंपरा टिकली. जेथे तो केवळ हौसेची वस्तू ठरला, तेथे ती परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहिली.