चौल ते जंजिरा: समुद्राकडे पाठ करून

कोकणच्या किनाऱ्याचा इतिहास सांगायला बसलं, की आपण समुद्राकडे तोंड करून बसतो. गलबतं, आरमार, पोर्तुगीज, सिद्दी, आंग्रे. सगळं काही पाण्यातून आलं आणि पाण्यावरच घडलं, असं वाटायला लागतं. आज मी तुम्हाला जरा उलट बसायला सांगणार आहे. समुद्राकडे पाठ करा आणि मागचा डोंगर बघा. त्या डोंगरातल्या रानवाटा नसत्या, तर चौलचं बंदर मोठं झालं नसतं आणि जंजिऱ्याची कथाही वेगळी झाली असती.

या वाटांची मला ओळख झाली ती सायकलमुळे. रायगड जिल्ह्यात अलिबागपासून दक्षिणेला चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड आणि राजपुरी हा सारा टापू मी गेली काही वर्षं दर हिवाळ्यात सायकलने फिरतो. सायकल साधी नव्हे; जाड, खाचांच्या टायरची, भरपूर गिअरची, डोंगरात चालणारी. मोटारीने गेलात तर ही गावं म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. चालत गेलात तर दिवस पुरत नाही. सायकल मधली. जांभ्या दगडाच्या चढावर धाप लागली, की मालाने लादलेल्या बैलाचे हाल आपोआप कळतात, आणि जुन्या लोकांनी वाट इथूनच का काढली तेही कळतं.

प्रथम चौल. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या किनाऱ्यावरच्या बंदरांची जी यादी आहे, तिच्यातलं 'सेमिल्ला' म्हणजे चौल, असं अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल् मसूदी इथे आला. त्याने 'सैमूर' या नावाने चौलचं वर्णन केलं आणि इथे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचं लिहिलं. म्हणजे पोर्तुगीज येण्याआधी सहाशे वर्षं हे भरभराटीचं शहर होतं. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि रामेश्वराचं देखणं देऊळ आहे. वाड्यांमधून सायकल हाकताना, हे एवढं शहर कशावर जगत होतं, हा प्रश्न पडतो.

त्याचं उत्तर एका रशियन व्यापाऱ्याने देऊन ठेवलं आहे. त्व्हेर गावचा अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. त्याच्याबरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. चौलला न थांबता तो घाट चढून जुन्नरला गेला. मधले मुक्काम त्याने लिहून ठेवले आहेत. पाली, मग उमरी, मग जुन्नर, असा तीन आठवड्यांहून अधिक काळाचा प्रवास. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन, म्हणाला. एका खुरासाणी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडाही वाचला आणि धर्मही. गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यातलं मर्म वेगळंच. घोडा समुद्रातून आला तरी त्याचं गिऱ्हाईक घाटावर होतं. बंदर म्हणजे नुसतं दार. घर डोंगरापलीकडे होतं.

पोर्तुगिजांनी हे दार ताब्यात घेतलं. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात त्यांनी रेवदंड्याला ठाणं केलं. आजही अलिबागहून मुरूडकडे जाणारी गाडीवाट त्यांचा तट फोडून आत शिरते आणि तट फोडूनच बाहेर पडते. १५७०-७१ मध्ये निजामशहाने प्रचंड फौजेनिशी या ठाण्याला वेढा घातला. महिनोन्‌महिने तोफा चालल्या, पण ठाणं पडलं नाही, कारण समुद्राची बाजू मोकळी होती आणि गोव्याहून मदत येत राहिली. निजामशाही त्यातून एक गोष्ट शिकली. पुढे १५९४मध्ये तिने खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर बांधायला घेतला, म्हणजे खाडीचं तोंडच तोफेच्या माऱ्यात येणार. पोर्तुगिजांनाही हे उमगलं आणि त्याच वर्षी त्यांनी तो डोंगर घेतला. कुंडलिकेच्या पुलावर सायकल थांबवून एकदा डावी-उजवीकडे पाहा. सगळं युद्धशास्त्र नजरेच्या एका टप्प्यात येतं.

१७४०मध्ये पोर्तुगिजांनी हा मुलूख मराठ्यांना दिला आणि ते निघून गेले. त्यांची एक वस्तू मात्र कोर्लईत राहिली, ती म्हणजे भाषा. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली बोलतात आणि तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. बोलणारी माणसं जेमतेम हजारभर. तटाच्या चिऱ्यांपेक्षा हा ठेवा जास्त नाजूक आहे.

कोर्लईहून बोर्लीकडे गेलं, की डाव्या हाताला फणसाडचं रान सुरू होतं. आज ते अभयारण्य आहे. १९८६मध्ये तसं जाहीर झालं. आत जायचं ते वनखात्याच्या परवानगीने आणि ठरवून दिलेल्या वाटेनेच. ऐन, किंजळ, जांभूळ, आणि झाडांवर अजगरासारखी पसरलेली गारंबीची वेल. नशीब असेल तर शेकरू दिसतं. इथले लोक पाणवठ्याला 'गाण' म्हणतात: चिखलगाण, धरणगाण. किनाऱ्यावरची बहुतेक झाडी तुटली असताना हे रान कसं वाचलं? कारण ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. मुरूडला पाणी पुरवणारा गारंबीचा बंधाराही नवाबाच्या काळातलाच. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं, शिकारी गेल्या, रान राहिलं. राजाच्या हौसेपायी वाचलेलं जंगल पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडावं, हा इतिहासाचा एक न्यायच म्हणायचा.

आणि आता जंजिरा. हा किल्ला अजिंक्य का राहिला, असं विचारलं, की आपण तटाची उंची आणि कलालबांगडी तोफ सांगतो. ते खरंच आहे. किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, हेही खरं. १६७६च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागची कुमक वेळेवर आली नाही, ही हकीकत बखरीतून आपल्यापर्यंत आली आहे. सिद्दीने मोगलांची चाकरी पत्करली होती आणि त्याची जहाजं पावसाळ्यात मुंबईला माझगावात विसावत. म्हणून किनारा हातचा गेला तरी त्याची रसद तुटत नसे.

पण निर्णायक क्षण आला तो १६८२मध्ये. संभाजीमहाराज स्वतः राजपुरीला तळ देऊन बसले होते. किनाऱ्यावरून तोफांचा मारा चालू होता आणि खाडी भरून किल्ल्यापर्यंत सेतू बांधण्याचं काम हाती घेतलं होतं. तेवढ्यात जुन्नरच्या बाजूने मोगल सरदार हसनअली खान कोकणात उतरला आणि महाराजांना मोहीम अर्धी टाकून तिकडे वळावं लागलं. लक्षात घ्या, निकितिन आपला घोडा घेऊन चौलहून चढला तो याच जुन्नरला, आणि दोनशे वर्षांनी मोगल फौज उतरली तीही तिथूनच. जंजिऱ्याला त्या वेळी समुद्राने जेवढं राखलं, तेवढंच घाटवाटांनी राखलं.

राजपुरीच्या खाडीच्या काठाकाठाने आत गेलं, की कुड्याची लेणी लागतात. सव्वीस बौद्ध लेणी, समोर खाडीचं पाणी, आजूबाजूला रान. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत इथल्या महाभोज राजघराण्याशी संबंधित माणसं आहेत, तशीच साधी माणसंही आहेत. एक माळी आहे, एक वैद्य आहे, आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कऱ्हाडचा लोहारी मालाचा व्यापारी घाट उतरून या खाडीवर आला आणि इथे भिक्षूंसाठी लेणं कोरून देण्याइतका कमावून गेला. बैलावरचा माल होडीत आणि होडीतला बैलावर, अशी अदलाबदल होणारी ही जागा असणार. दोन हजार वर्षांचा सारा व्यवहार या एका नावात बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. जंजिरा, कोर्लई, रेवदंडा, कुडा या ठिकाणी पुरातत्त्व खात्याचे निळे फलक आहेत. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. पण या ठिकाणांना जोडणाऱ्या वाटांना कोणाचंच नाही. दगडी पायऱ्यांच्या पाखाड्या काँक्रीटखाली जातात. प्लॉट विकले जातात, तारेचं कुंपण पडतं आणि शेकडो वर्षांची पायवाट एका सकाळी बंद होते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात या टापूतल्या वाड्या आणि रानातली झाडं आडवी झाली. झाडं पुन्हा लावता येतात आणि रान सावकाश भरून येतं. पुसलेली वाट मात्र परत येत नाही, कारण ती कोणत्याही नकाशावर नसते. ती फक्त चालणाऱ्यांच्या पायांत असते. गुराखी आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया चालायच्या थांबल्या, की ती संपली.

तिथे सायकलस्वारांचा उपयोग होऊ शकतो, आणि उपद्रवही. ही डोंगरी सायकल जन्मली ती १९७०च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्रालगतच्या मॅरिन परगण्यात. काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून भन्नाट सोडत. ब्रेक इतका तापे, की आतलं ग्रीस जळून जाई आणि दर फेरीला नव्याने भरावं लागे. म्हणून त्या उताराला 'रिपॅक' नाव पडलं. १९७६मध्ये तिथे पहिली शर्यत झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. पण ज्या मॅरिनमध्ये तो जन्मला, तिथल्याच अनेक अरुंद पायवाटांवर पुढे सायकलींना बंदी झाली. चालणाऱ्यांना भीती वाटू लागली आणि माती उखडू लागली, ही कारणं.

आपल्याकडे ती वेळ येऊ नये. पावसाळ्यात ओल्या वाटेवर सायकल घालू नये, कारण चाकाच्या चरातून पाणी वाहतं आणि वाट धुपते. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली, तर उतरून बाजूला व्हावं. वाट आधी तिची आहे. पाखाडीवर सायकल खांद्यावर घ्यावी. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, 'आजोबा, पूर्वी इथून कुठं जायचे?' ते जे सांगतील ते वहीत लिहून घ्यावं, कागदावर वाट काढून ग्रामपंचायतीत द्यावी. तटाचे चिरे खातं सांभाळील. वाटेवर मात्र कोणी ना कोणी जात राहिलं पाहिजे.