बर्गंडीच्या मळवाटा

स्तांदालने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एका पर्यटकाच्या आठवणी’ या ग्रंथात लोखंडाचा व्यापार करणारा एक कल्पित प्रवासी फ्रान्सभर हिंडतो. दिजाँ आणि बोन या गावांमधील टेकड्यांची रांग त्याच्या दृष्टीस पडते तेव्हा तिचे वर्णन तो काही कौतुकाने करीत नाही. टेकडी ठेंगणी, कोरडी आणि कुरूप आहे, असेच त्याचे मत पडते; मात्र त्या उतारावर पावलोपावली एखादे अजरामर नाव भेटते, हेही तो लगेच नोंदवून ठेवतो. आज त्याच टेकड्यांवर पाठीला पिशवी लावून चालणारे हजारो लोक येतात आणि तो प्रदेश नयनरम्य आहे याविषयी त्यांच्यात दुमत नसते. या दोन मतांमध्ये पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. या अवधीत पाहणारी नजर पालटली की टेकडीच पालटली? वाङ्मयाच्या अभ्यासकाचे या प्रश्नाला उत्तर सहसा ठरलेले असते: स्वच्छंदतावादाने माणसाला निसर्ग पाहावयास शिकविले. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. टेकडीही पालटली आहे, आणि ती निसर्गाने पालटलेली नाही.

कोत दोर या नावाने ओळखला जाणारा हा उतार दिजाँपासून दक्षिणेला सांतनेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर पसरलेला आहे. माथ्यावर रान व खडक, मधल्या उतरणीवर द्राक्षमळे आणि खाली गावे अशी त्याची मांडणी आहे. बोनहून सांतनेकडे मळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी ही गावे एकामागून एक लागतात.  चालणाऱ्याच्या एका हाताला दगडांची, चुन्यावाचून रचलेली भिंत असते. वेली लावण्यासाठी जमीन खणताना जे दगड निघाले ते मळेकऱ्यांनी बांधावर टाकले. त्यांतून या भिंती झाल्या, दगडांचे लांबट ढीग झाले, आणि वळवाच्या सरीत मजुराला अंग चोरून बसता येईल अशा दगडी खोपीही झाल्या. या खोपींना तेथे ‘कबोत’ म्हणतात. वाट जिथे वळते तिथे बहुधा मळ्याचे नाव बदलते. असा नाव आणि सीमा असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे ‘क्लिमा’. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ हवामान असा असला, तरी बर्गंडीत त्याने आभाळ सोडून मातीचा आश्रय घेतला आहे. असे १२४७ क्लिमा युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेव्हा या पायवाटा रानातल्या वाटांसारख्या नव्हेत; त्या शिवा आहेत, बांध आहेत, हक्कांच्या रेषा आहेत.

या रेषा प्रथम कोणी आखल्या याचा शोध मठांपर्यंत जाऊन पोहोचतो. सितो येथील मठ १०९८ साली स्थापन झाला आणि पुढच्या शतकात त्या मठाच्या संन्याशांनी वूजो येथे द्राक्षवेली लावल्या. सुमारे ५० हेक्टरांच्या त्या मळ्याभोवती त्यांनी घातलेली भिंत ही बर्गंडीतील सर्वांत प्रसिद्ध भिंत होय. पुढे ड्यूकांची सत्ता आली. १३९५ साली फिलिप द बोल्ड याने गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला, कारण त्या भरघोस येत असल्या तरी त्यांचे मद्य त्याला हीन वाटे. त्या हुकुमात वेलीवर बेइमानीचा ठपका आहे. वनस्पतीवर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेल्याची उदाहरणे इतिहासात फार नसावीत!

परंतु ड्यूकाला या मद्याच्या प्रतिष्ठेची इतकी चिंता का वाटावी? रोजे दिओं या भूगोलवेत्त्याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या फ्रान्समधील द्राक्षवेलीच्या इतिहासात याचे मर्म सांगितले आहे. उत्तम मद्य उत्तम मातीतून आपोआप उपजते, हा समज त्याला मान्य नाही. मद्याची प्रत बाजारपेठ, वाहतूक आणि मालकाची महत्त्वाकांक्षा यांवरून ठरते, अशी त्याची भूमिका आहे. बोनजवळ पिंपे वाहून नेण्यासारखी नदी नाही. माल बैलगाड्यांनी आणि घोडागाड्यांनी दूरवर न्यावा लागे. हा खर्च सोसेल असे मद्य महागच असले पाहिजे आणि महाग व्हावयाचे तर ते श्रेष्ठही असले पाहिजे. चौदाव्या शतकात पोपचा दरबार आव्हिन्यों येथे होता तेव्हा या मद्याला तेथे एवढी मागणी होती, की कार्डिनल रोमला परतावयास तयार नाहीत याचे कारण रोममध्ये बोनचे मद्य मिळत नाही हेच होय, असा टोमणा पेत्रार्कने पाचव्या अर्बन पोपला लिहिलेल्या पत्रात मारला आहे. दिओंचा सिद्धांत मातीला फारच दुय्यम लेखतो, असा आक्षेप घेण्यास जागा आहे. तरीही रस्त्याने मळा घडविला, ही त्याची दृष्टी या वाटांवरून चालणाऱ्याने विसरू नये अशी आहे.

राज्यक्रांतीने मठाच्या जमिनी जप्त करून विकल्या. १८०४ च्या नागरी संहितेने वारसांना समान वाटा दिला. त्यानंतर पिढ्यानुपिढ्या मळ्यांचे तुकडे पडत गेले. वूजोचा मळा १८८९ पर्यंत एकाच मालकाकडे टिकून होता; आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. प्रत्येकाला आपल्या ओळींपर्यंत पोहोचावयाचे असते. जितके वाटेकरी तितक्या वाटा, हा नियम जगात इतरत्रही आढळतो.

मळ्याची मालकी माणसाला काय करून सोडते, हे लामार्तीनच्या चरित्रात दिसते. १७९० साली माकों येथे जन्मलेला हा कवी याच प्रांताच्या दक्षिण भागातील मिली गावी वाढला. स्वतःला तो अभिमानाने द्राक्षमळेकरी म्हणवीत असे. पण राजकारण आणि उदारपणा यांनी तो कर्जात बुडाला. ‘द्राक्षवेल आणि घर’ ही त्याची प्रसिद्ध कविता १८५७ साली आली आणि १८६० साली त्याला मिलीचे घर विकावे लागले. त्या कवितेतील वेल निसर्गाचे प्रतीक आहे, असे टीकाकार म्हणत आले आहेत. ती लवकरच हातची जाणार असलेली मालमत्ताही होती, हे ध्यानी घेतले म्हणजे कवितेतील करुण रस अधिक गहिरा होतो.

मात्र स्तांदालने व लामार्तीनने पाहिलेला मळा आज कोठेच पाहावयास मिळत नाही. त्यांच्या काळी वेली ओळीत नव्हत्या. म्हाताऱ्या वेलीची फांदी वाकवून मातीत पुरावयाची आणि तिला मुळे फुटली की तिची नवी वेल करावयाची, अशी दाबकलमाची पद्धत होती. त्यामुळे वेली कशाही दाटीवाटीने उभ्या असत, प्रत्येकीला आधाराची काठी असे. एका हेक्टरात वीस हजारांहून अधिक वेलींची ही झुंबड सर्वस्वी कुदळीवर जगे, कारण तिच्यात नांगर शिरणे शक्यच नव्हते. मग मुळांचा रस शोषणारा फिलॉक्सेरा हा अमेरिकन कीटक आला. दक्षिण फ्रान्समध्ये १८६० नंतरच्या दशकात दिसलेली ही कीड १८७८ साली मर्सोला आढळली. औषधे, धुऱ्या, प्रार्थना, सारे करून झाले. अखेर ज्या देशाने रोग दिला त्याच देशाच्या वेलीचा खुंट घेऊन त्यावर फ्रेंच वेलीचे कलम करणे, एवढाच उपाय उरला. बर्गंडीत या उपायाला मोठा विरोध होता. श्रेष्ठ कुळातील वेलीने परकीयांच्या मुळांवर उभे राहावे ही कल्पनाच अनेकांना सहन होईना, आणि १८८७ पर्यंत तेथे अमेरिकन खुंटाला परवानगी मिळाली नाही. कलमी वेली लावताना मात्र त्या ओळीने लावल्या गेल्या. हेक्टरी संख्या सुमारे दहा हजारांवर आली. दोन ओळींतून घोडा व नांगर चालू लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर वेलींच्या ओळीवरून पाय फाकून चालणारा उंच ट्रॅक्टर आला. विंचरलेल्या केसांसारख्या ज्या रेघांवर आजचा प्रवासी लुब्ध होतो, ज्यांना तो सनातन फ्रान्सचे रूप समजतो, त्या रेघा एका किडीच्या मागे आल्या. जुना मळा उपटून जाळला गेला. त्याबरोबर कुदळ चालविणाऱ्या असंख्य मजुरांचे कामही गेले. हा बदल सौंदर्याच्या हिशेबात सहसा धरला जात नाही.

केवळ आनंदासाठी चालणारा माणूस या वाटांवर उशिरा आला. त्याचा पूर्वज दुसरीकडे शोधावा लागतो. नेपोलियनच्या सैन्यातील माजी शिपाई क्लोद-फ्रांस्वा दनकूर याने १८४२ पासून पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो अरण्यात झाडाखडकांवर निळ्या खुणा करून पायवाटा आखल्या. त्याच्या गौरवार्थ १८५५ साली निघालेल्या ग्रंथात ह्यूगो, जॉर्ज साँ अशा अनेकांचे साहित्य आहे. बोदलेरकडे निसर्गावर कविता मागितली तेव्हा भाजीपाल्याविषयी आपल्याला गहिवर येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने पाठविले आणि सोबत शहरी संध्याकाळच्या कविता धाडल्या. त्या ग्रंथात त्याचे पहिले गद्यकाव्यही छापले गेले. पायवाटेच्या गौरवग्रंथातच तिच्याविरुद्ध मत नोंदले जावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. त्यानंतर १९३६ साली कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला, १९४७ साली दीर्घ पदभ्रमणाच्या वाटांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिच्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांनी देश विणला गेला. आज फ्रान्समध्ये अशा खुणांकित वाटा लाखाहून अधिक किलोमीटर भरतील.

वाटेचा इतिहास लिहिण्याचे धाडस मात्र गास्तों रुप्नेलने केले. मळेकऱ्यांच्या जीवनावर ‘नोनो’ ही कादंबरी लिहिणारा आणि दिजाँच्या विद्यापीठात शिकविणारा हा लेखक जव्रे-शांबेर्तें या द्राक्षग्रामात राहिला आणि १९४६ साली वारला. १९३२ च्या ‘फ्रेंच ग्रामभूमीचा इतिहास’ या ग्रंथात शेतांची व वाटांची रचना अश्मयुगीन शेतकऱ्यांपर्यंत जाते, असे त्याने प्रतिपादिले. एकच वर्ष आधी मार्क ब्लोकने जुने नकाशे व कागदपत्रे यांच्या साहाय्याने वर्तमानाकडून भूतकाळाकडे जाण्याची पद्धत दाखविली होती. तिच्या कसोटीला रुप्नेलची प्राचीनता उतरत नाही. तो इतिहासकाराच्या धिम्या पावलांनी चालत नाही, कवीच्या झेपेने जातो. पण ज्यांनी वाट तुडविली त्यांच्याकडे पाहण्याची सवय वाचकाला लागली ती त्याच्यामुळे, आणि हे श्रेय थोडे नव्हे.

कोत दोरच्या उतारावर जोराचा पाऊस झाला की माती वाहून खाली येते आणि वाटेवर साचते. मळेकरी ती टाकून देत नाहीत. पूर्वी पाठीवरच्या करंड्यांत भरून स्त्रीपुरुष ती पुन्हा वर नेऊन वेलींच्या बुडाशी ओतीत. आता यंत्रे नेतात. उन्हाळ्यात आलेल्या प्रवाशाच्या बुटाला लागते ती हीच माती, कितीदा खाली आलेली आणि कितीदा वर नेलेली.