घुमटाखालचा गोंडराजा

आमचा जिवतीचा डोंगर 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होता. त्यामुळे घुमट दिसला की तो निजामाचा नाहीतर मोगलांचा, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. गडचांदूर, राजुरा करत पहिल्यांदा चंद्रपूरला उतरलो, तेव्हा अंचलेश्वर दरवाजाजवळचा घुमट पाहून आजोबांना विचारले, “हा कोणता दर्गा?” ते म्हणाले, “दर्गा नाही रे, बीरशहाची समाधी. गोंडराजाची.”

राणी हिराईने पतीच्या स्मरणार्थ ती बांधवली. 1667 मध्ये मोगल सरदार दिलेरखान याच चांद्यावर खंडणीसाठी चालून आला होता. तरीही मोगलांच्या इमारतींत मिरवणारा घुमट गोंडांनी आपल्या राजाच्या समाधीवर चढवला. असे का झाले असावे?

त्याचे एक उत्तर बांधकामातच आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर आडवी शिळा टाकली की ती खालून ताणली जाते. म्हणून खांबांतले अंतर फार वाढवता येत नाही. कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि भार दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरवतात. चौकोनी दालनाच्या चारही कोपऱ्यांत कमानी टाकल्या की वर अष्टकोन तयार होतो आणि त्यावर गोल घुमट बसतो. चुन्याने सांधलेल्या या रचनेमुळे मधल्या खांबांवाचून मोठी मोकळी जागा मिळते.

इस्लामी कलेची ओळख म्हणून कमान, घुमट, जाळी, भौमितिक नक्षी आणि सुलेखन यांची नावे घेतली जातात. त्यांपैकी कुराणातील आयतींचे सुलेखन धर्माशी बांधलेले आहे. कमान आणि घुमट तसे नाहीत. रोमन आणि इराणी गवंड्यांना ते इस्लामपूर्वीच ठाऊक होते. जेरुसलेमचा प्रसिद्ध सुवर्णघुमट इ.स. 691-92 चा, त्याच्या घडणीत बायझंटाइन परंपरा स्पष्ट दिसते.

देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. वऱ्हाडच्या इमादशाहीतील गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत. इकडे चांद्याच्या परकोटाच्या दरवाजांना कमानी आहेत आणि त्यांवर हत्तीला नमवणारा गोंडांचा सिंह आहे.

परवा नातवाला घेऊन समाधीवर गेलो. त्यानेही विचारले, “हा दर्गा आहे का?” आजोबांचेच उत्तर मी त्याला दिले. मग त्याचा हात धरून कमानीपाशी नेले आणि तिचा भार कुठे उतरतो ते दाखवले.